चारकोपची गाडी, कोकणातला पाऊस : टायर महागाचा घ्यावा की स्वस्तातला?

खेड (वार्ताहर) : यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणपती लांबलेत. १४ सप्टेंबरला बाप्पा येणार. म्हणजे चाकरमान्यांच्या गाड्या नेहमीपेक्षा उशिरा गावाकडे निघणार, पण निघणार त्या पावसातच. या गाड्यांत एमएच-४७ पासिंगच्या गाड्या काही थोड्या नसतात. कांदिवली-बोरिवलीकडचा हा नंबर. आपल्या खेड, दापोली, मंडणगड, गुहागर, चिपळूणच्या वाड्यावाड्यांतली माणसं चारकोप, गोराई, दहिसर भागात जाऊन राहिलीत. चारकोप तर म्हाडाने जागतिक बँकेच्या योजनेतून छोटे छोटे भूखंड पाडून वसवलेली वसाहत. ऐंशीच्या दशकात ज्यांना तिथं भूखंड मिळाला, त्यांची मुलं आता कमावती आहेत आणि दारात गाडी आहे.

अशा गाड्यांच्या टायरबद्दल गेल्या काही महिन्यांत बरेच फोन झाले. कारण दोन. एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी उतरला, त्यामुळे "आता महागातला घेऊन टाकू का" असा विचार लोक करतायत. दुसरं, मुंबईतली जुनी गाडी गावात विकत घेण्याचं प्रमाण आपल्याकडे मोठं आहे, आणि अशी गाडी हातात आली की पहिला मोठा खर्च टायरचाच निघतो. दुकानात गेलं की प्रश्न एकच. हा चार हजाराचा, तो सहा हजाराचा. घ्यायचा कुठला?

या प्रश्नाचं उत्तर कंपनीच्या नावात नाही, असं माझं म्हणणं आहे. तुमची गाडी वर्षाला किती चालते, कुठल्या रस्त्यावर चालते आणि टायर कधी बनलाय, या तीन गोष्टींत ते आहे. पैशाचा हिशेब मांडला की हे स्पष्ट होतं, म्हणून तो मांडतो.

जीएसटी उतरला, म्हणजे नेमकं किती वाचलं?

कारच्या नव्या टायरवर आधी २८ टक्के जीएसटी होता, तो १८ टक्के झाला. लोक समजतात की दहा टक्के स्वस्त झाला. तसं नाही. जो टायर करासकट ५,००० रुपयांना मिळत होता, त्याची मूळ किंमत ३,९०६ रुपये. त्यावर १८ टक्के लावले की होतात ४,६१० च्या आसपास. म्हणजे टायरमागे ३९० रुपये वाचले, चार टायरमागे १,५६०. मूळ किंमत वाढलेली नसेल तर हा फायदा तुमच्या खिशात यायला पाहिजे.

ट्रॅक्टरवाल्यांना फायदा जास्त आहे. ट्रॅक्टरच्या टायरवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. करासकट २०,००० चा टायर असेल तर २,२०० रुपयांचा फरक पडतो.

पण हे सगळं पक्क्या बिलावर. "बिल नको असेल तर तीनशे कमी करतो" असं कोणी म्हणालं तर हात जोडून नको म्हणा. बिल नसेल तर उद्या टायरला फुगा आला, आतली तार सुटली, तर कंपनीकडे दावा करता येत नाही. तीनशे रुपयांसाठी वॉरंटी घालवू नये.

किलोमीटरचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. डिझायरचं किंवा जुन्या स्विफ्टचं १६५/८० आर १४ हे माप धरू. आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, तुमच्या दुकानातले दर घालून हाच हिशेब करा.

समजा मधल्या दराचा टायर ४,००० चा आहे आणि ४० हजार किलोमीटर चालतो. महागाचा ६,००० चा आहे आणि ६० हजार चालतो. चार टायरचे झाले १६ हजार आणि २४ हजार. किलोमीटरला भागलं तर दोन्हीकडे उत्तर एकच येतं, ४० पैसे. दुकानदार हेच सांगतो : "साहेब, महाग वाटतो, पण टिकतो तेवढा, हिशेब सारखाच." कागदावर त्याचं बरोबर आहे.

पण टायर नुसता घासून संपत नाही, तो वयानेही संपतो. रबर आहे ते. उन्हाने, हवेने, उभं राहून ते कडक होतं, बारीक चिरा पडतात. टायर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्या, आणि नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांच्या पुढे वापरू नका. काही कार कंपन्या तर सहा वर्षांतच बदला म्हणतात. आपल्या ऊन-पावसाचा विचार करता सहा वर्षं ही मर्यादा धरू, आणि तीन गाड्या घेऊ.

पहिली, गावातली घरची गाडी. बाजार, दवाखाना, लग्नकार्य, वर्षाला ५ हजार किलोमीटर. सहा वर्षांत ३० हजार. दोन्ही टायर घासून संपायच्या आधीच वयाने संपले. मधल्या टायरचा खर्च पडला ५३ पैसे किलोमीटर, महागाच्या टायरचा ८० पैसे. म्हणजे ६० हजाराचे पैसे भरले आणि वापरले अर्धे.

दुसरी, चारकोपची गाडी. वर्षाला ८ हजार धरू. मधला टायर पाच वर्षांत घासून संपला, ४० पैसे. महागाचा सहा वर्षांत ४८ हजार चालून वयात आला, ५० पैसे.

तिसरी, वडापची किंवा टुरिस्टची गाडी. वर्षाला ४० हजार. मधला टायर वर्षभरात खलास, महागाचा दीड वर्षात. दोन्ही ४० पैसे. इथं मात्र महागाचा परवडतो, कारण टायर बदलायला, अलाइनमेंट-बॅलन्सिंगला गाडी उभी राहण्याच्या खेपा कमी होतात. धंद्याची गाडी उभी राहिली की त्या दिवसाची कमाई गेली.

तर मंडळी, "महागाचा टायर जास्त टिकतो म्हणून स्वस्त पडतो" हे वाक्य वडापवाल्यासाठी खरं आहे. घरच्या गाडीसाठी नाही. ज्याची गाडी वर्षाला पाच-सहा हजारच चालते, त्याने टिकाऊपणासाठी जादा पैसे मोजणं म्हणजे वापरणारच नाही त्या मालाचे पैसे देणं.

याहून वाईट काय होतं ते सांगतो. महागाचा टायर घेतलेला माणूस तो सोडत नाही. "चांगल्या कंपनीचा आहे, नक्षी अजून दिसते" म्हणत नऊ-दहा वर्षं ओढतो. त्यापेक्षा मधल्या दराचा टायर घेऊन पाच-सहा वर्षांनी न चुकता बदलणारा जास्त सुरक्षित असतो, आणि त्याचे पैसेही फार जास्त जात नाहीत.

चारकोपच्या गाडीचं दुखणं वेगळं

मुंबईतली गाडी म्हणजे खूप चाललेली, असं आपल्याला वाटतं. चारकोपच्या बऱ्याच घरगुती गाड्यांचं उलट आहे. जवळ मेट्रो झाली. २ एप्रिल २०२२ ला मेट्रो २अ चा पहिला टप्पा सुरू झाला, डहाणूकरवाडीपर्यंत. पुढे जानेवारी २०२३ मध्ये ती अंधेरीपर्यंत गेली. लोकल आहेच. लिंक रोडची गर्दी बघता कामाला गाडी काढणारा कमीच. पार्किंगची जागा सोडली तर परत मिळत नाही, हाही विचार असतो. म्हणून गाडी सोमवार ते शनिवार सोसायटीच्या गल्लीत उन्हापावसात उभी.

उभ्या गाडीच्या टायरमधली हवा हळूहळू उतरते. रबर फिरत असलं की नीट राहतं, एकाच जागी दाबून राहिलं की लवकर तडकतं. आणि मग गणपतीला हीच गाडी, आत पाच माणसं, डिकीत सामान, वर कॅरिअरवर बॅगा, अशी निघते. चारकोपहून खेड-चिपळूण गाठायला साधारण अडीचशे किलोमीटर, राजापूरला त्याहून शंभरेक जास्त. मुंबई-गोवा महामार्गाचं पनवेल-इंदापूरचं काम २०११ पासून सुरू आहे, त्याची कथा नव्याने सांगायला नको. चांगला सिमेंटचा पट्टा लागला की गाडी शंभरवर जाते, आणि मध्येच वळण रस्ता, खड्डा, चिखल. आत आपल्या गावाकडे वळलं की घाटी, शेवाळ धरलेला डांबरी रस्ता आणि उतार.

म्हणजे वर्षातले अकरा महिने झोपलेला टायर आणि एका रात्रीत त्याची पूर्ण परीक्षा. या गाडीला टिकाऊपणा फारसा लागत नाही. तिला लागते ओल्या रस्त्यावरची पकड आणि ताजं रबर.

जादा पैसे नेमके कशाचे?

टायरच्या रबरात तीन गोष्टींची ओढाताण असते : कमी झिजणं, ओल्यात धरणं आणि हलकं पळणं. एक वाढवली की दुसरी कमी व्हायला बघते. फार टिकणारं कडक रबर सहसा पावसात कमी धरतं. चांगल्या टायरमध्ये रबरात सिलिका वगैरे घालून तिन्ही सांभाळायचा प्रयत्न करतात, नक्षीतल्या चरांतून पाणी लवकर बाहेर जाईल अशी रचना करतात. तिथं खर्च येतो.

म्हणून एकाच कंपनीत दोन तऱ्हेचे टायर मिळतात. सिएटची मिलेझ, अपोलोची अमेझर ४जी लाइफ या मालिका जास्त किलोमीटर चालतील या नावावर विकल्या जातात. त्याच कंपन्यांचे पकड आणि आरामासाठीचे टायरही असतात. त्यामुळे दुकानात "कुठली कंपनी चांगली" असं विचारण्यात अर्थ कमी. "यातला पावसात जास्त धरणारा कुठला आणि जास्त चालणारा कुठला" असं विचारा. दुकानदाराला ते माहीत असतं, फक्त विचारणारा भेटत नाही.

पकडीचा फरक किती पडतो? युरोपात २०१२ पासून कारच्या नव्या टायरवर लेबल असतं, त्यात ओल्या रस्त्यावरच्या पकडीची श्रेणी छापलेली असते. तिथल्या सरकारी माहितीनुसार चारही टायर सर्वांत वरच्या श्रेणीचे आणि चारही सर्वांत खालच्या श्रेणीचे, यांच्यात ताशी ८० वरून ब्रेक मारल्यावर थांबण्याच्या अंतरात १८ मीटरपर्यंत फरक पडू शकतो. १८ मीटर म्हणजे चार वॅगनआर एकामागे एक उभ्या केल्या तरी वर जागा उरते. पुढे म्हशी आडव्या आल्या, एसटी थांबली, तर हे १८ मीटर म्हणजे सगळंच.

चारकोपच्या गाडीचा हिशेब आठवा. २४ हजार आणि १६ हजार यांतला फरक ८ हजार. सहा वर्षांत वाटला तर महिन्याला १११ रुपये. एवढ्यात जर खरोखर ओल्या रस्त्यावर चांगला थांबणारा टायर मिळत असेल, तर घाटाने आणि महामार्गाने येणाऱ्याने तो घ्यावा. नुसत्या नावासाठी किंवा शेजाऱ्याने घातला म्हणून नको.

नावाचंही एक सांगतो. परदेशी नाव म्हणजे परदेशी माल, असं प्रत्येक वेळी नसतं. ब्रिजस्टोनचा कारखाना चाकणला आहे, गुडइयरचा छत्रपती संभाजीनगरला. सिएटचा भांडुपला, चारकोपपासून तासाभराच्या अंतरावर. आणि जो टायर खरंच आयात झालेला असतो, तो दुकानात पोचेपर्यंत त्याचं वय वाढलेलं असू शकतं. तारीख बघितल्याशिवाय घेऊ नका.

सरकारने काय केलं, काय राहिलं

आपल्याकडे स्वस्त म्हणजे अगदीच बेभरवशाचा, असं म्हणायची वेळ आता थोडी कमी झाली आहे. कारच्या टायरवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. कारच्या टायरचं मानक आयएस १५६३३, ते टायरच्या बाजूला उठवलेलं असतं. १२ जून २०२० ला केंद्राने नव्या टायरची खुली आयात बंद करून परवाना लावला, त्यामुळे बाजारात येणारा स्वस्त चिनी माल आटला. जून २०२२ मध्ये केंद्राने ओल्या रस्त्यावरची पकड, फिरण्यातला अडथळा आणि आवाज यांची किमान पातळी टायरला लागू करण्याची अधिसूचना काढली. नव्या रचनेच्या टायरला ती ऑक्टोबर २०२२ पासून आणि आधीपासून बनत असलेल्यांना २०२३ मध्ये टप्प्याने लागू झाली.

हे चांगलंच झालं. पण ही किमान पातळी म्हणजे ३५ टक्क्यांचं पासिंग आहे. पास सगळेच. ३५ वाला कोण आणि ९० वाला कोण, हे गिऱ्हाइकाला टायरवर दिसत नाही. फ्रिजवर असतात तशा ताऱ्यांची योजना ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने टायरसाठी आणली, पण ती सुरू झाली ती ऐच्छिक, आणि तिचा रोख इंधन बचतीवर आहे. पावसात किती धरतो, याचा तारा नाही.

जिथं वर्षातले चार महिने रस्ता ओला असतो, त्या कोकणातल्या माणसाला इंधनाच्या ताऱ्याइतकाच पकडीचा तारा हवा. चाचणी होतेच आहे, कंपन्यांकडे आकडे आहेतच. ते टायरवर चिकटवायचे तेवढे राहिलेत. आमदार-खासदारांनी महामार्गाच्या खड्ड्यांबरोबर हाही विषय दिल्लीत मांडायला हरकत नाही. तोपर्यंत "महाग म्हणजे पावसात चांगला" हे आपण दुकानदाराच्या शब्दावर मानतो, आणि ते प्रत्येक टायरच्या बाबतीत खरं असेलच असं नाही.

"टायर फुटला" हे अर्धं उत्तर

अपघात झाला की पहिलं वाक्य ऐकू येतं ते "टायर फुटला". समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाल्यावर अपघात वाढले, तेव्हा परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून गोटा झालेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. ते बरोबरच होतं. पण १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ खासगी बसला आग लागून २५ माणसं गेली, तेव्हाही चालकाने टायर फुटल्याचंच सांगितलं होतं. परिवहन विभागाच्या अहवालात मात्र टायर फुटल्याची खूण सापडली नसल्याचं पुढे आलं.

यातून घ्यायचं ते एवढंच की टायरला दोष देणं सोपं असतं. आणि जो खरोखर फुटतो, तोही बऱ्याचदा स्वस्त म्हणून फुटत नाही. हवा कमी, वजन जास्त आणि वेग जास्त असला की टायरची बाजू सारखी दुमडते, आतून तापते आणि शेवटी सोडते. सहा हजाराचा टायर २२ हवेवर, पाच माणसं आणि कॅरिअर भरून शंभरने पळवला, तर तो चार हजाराच्या नीट हवा भरलेल्या टायरपेक्षा लवकर दगा देईल.

जुनी मुंबईची गाडी घेणार असाल तर

हा भाग खास गावातल्या गिऱ्हाइकांसाठी. दलाल सांगतो, "मुंबईची गाडी आहे, फक्त २२ हजार चालली, टायर बघा, नव्यासारखे." टायर दिसायला नव्यासारखाच असतो, कारण गाडी चाललेलीच नसते. पण वय बघा.

टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांपासून सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटी लांबट चौकटीत इंग्रजी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१७ असेल तर २०१७ सालचा २३ वा आठवडा, म्हणजे जूनची सुरुवात. तो टायर आज नऊ वर्षांचा आहे. नक्षी कितीही दिसो, किमतीतून चार टायरचे पैसे वजा करूनच बोलणी करा. आकडे बाहेरच्या बाजूला नसतील तर आतल्या बाजूला असतात, मोबाइलची बॅटरी लावून बघा. स्टेपनीचेही बघा.

याच आकड्यांवरून आणखी एक गोष्ट कळते. गाडी २०१७ ची, मीटर दाखवतो २२ हजार, आणि टायर निघाले २०२१ चे. मग विचारा, २२ हजारात टायर का बदलावे लागले? उत्तर नीट आलं नाही, तर मीटर मागे फिरवलेला असण्याची शंका घ्यायला जागा आहे. पाच मिनिटांच्या या कामाने पाऊण लाखाचा फटका वाचू शकतो.

कुठं पैसे वाचवू नयेत

जुना, काढलेला टायर दीड-दोन हजारात मिळतो म्हणून कारला घालू नका. आतून तो कसा आहे, कोणाला कळत नाही. रिमोल्डचंही तसंच. आपल्या एसटी महामंडळाचे स्वतःचे टायर रिमोल्ड करणारे कारखाने आहेत, ट्रकवालेही करतात. पण तो टायर मुळात त्या हिशेबाने बनलेला असतो आणि सांगाडा तपासून घेतलेला असतो. गावात गोटा झालेल्या कारच्या टायरला नवे चर कोरून देणाऱ्याकडे तर जाऊच नका. तो राहिलेलं रबरच कमी करतो.

माप बदलू नका. दरवाजाच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर माप आणि हवा लिहिलेली असते. १६५/८० आर १४ च्या पुढे "८५ टी" असं काही असतं. ८५ म्हणजे एक टायर ५१५ किलो पेलतो, टी म्हणजे ताशी १९० पर्यंतची मर्यादा. यापेक्षा कमी आकड्याचा टायर स्वस्त मिळाला तरी नको. मोठी अलॉय आणि पातळ बाजूचा रुंद टायर दिसायला भारी, पण आपल्या खड्ड्यांत त्याच्या बाजूला फुगा यायला वेळ लागत नाही. आणि कंपनीची वॉरंटी बनावटीच्या दोषाला असते, खड्ड्याने झालेल्या जखमेला नाही.

दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागे घाला. बरेच फिटर पुढे घालतात, लोकांनाही पुढेच बरे वाटतात. पण पावसात मागचे चाक सुटलं तर गाडी गर्रकन फिरते आणि साध्या चालकाला सावरत नाही. पुढचं घसरलं तर वेग कमी केल्यावर निदान हातात येतं. दोन वेगळ्या जातीचे टायर एकाच आसावर, एक डावीकडे एक उजवीकडे, असं कधीच करू नका.

गाडी कायद्याने १.६ मिलीमीटर नक्षीपर्यंत चालते. चरांच्या मध्ये रबराची छोटी उंचवटी असते, नक्षी तिच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण नव्या टायरची नक्षी सात-आठ मिलीमीटर असते, आणि ३ मिलीमीटरच्या खाली गेली की पाणी बाहेर फेकायची ताकद बरीच कमी होते. कोकणात पावसाळ्याआधी तीनच्या जवळ आलेला टायर दिवाळीपर्यंत ढकलू नये. पैसे ओढगस्तीचे असतील तर टायर मधल्या दराचा घ्या, पण वेळेवर घ्या.

नायट्रोजनसाठी जास्त पैसे मोजायची घरच्या गाडीला गरज नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पंधरा दिवसांनी टायर थंड असताना हवा बघणं, हे फुकटचं काम त्याहून जास्त उपयोगाचं. गाडी भरून निघायच्या आधी स्टिकरवर पूर्ण वजनासाठी लिहिलेली हवा भरा.

मग घ्यायचा कुठला?

गावातली घरची गाडी, वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर, वेग पन्नास-साठ : नावाजलेल्या देशी कंपनीचा मधल्या दराचा टायर, सहा महिन्यांच्या आत बनलेला. सहा वर्षांनी बदलायचा, नक्षी असली तरी.

चारकोप, विरार, ठाण्याहून गणपती-होळीला येणारी गाडी : टिकाऊ म्हणून विकला जाणारा टायर नको. पावसात धरणारा मागा, त्यासाठी हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील. चारही एकदम बदलता आले तर उत्तम.

वडाप, टुरिस्ट, दूध-मासळीची गाडी : जास्त किलोमीटर चालणारा घ्या, किलोमीटरला पैसे काढूनच घ्या. पण पावसाळ्यात नक्षीवर नजर ठेवा, कारण तुमच्या मागे बसलेली माणसं दुसऱ्याची असतात.

आणि कोणतीही गाडी असो, दुकानात पैसे देण्याआधी बोटाने ते चार आकडे दाखवायला सांगा. चार हजाराचा तीन महिन्यांपूर्वी बनलेला टायर आणि सहा हजाराचा तीन वर्षं रॅकवर पडलेला टायर, यांत निवड करायची झाली तर घरच्या गाडीला मी पहिला घालीन. गणपतीला अजून वेळ आहे. चारकोपला कोणी भाऊबंद असेल तर त्याला आजच फोन करून सांगा, गल्लीत उभ्या गाडीचे टायर बघून ठेव म्हणून.